जुन्या वाड्याचं सागवान नव्या घरात: खरंच परवडतं का?

तिवंधेकर
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून लिहितोय.

जुन्या नाशकातला आमचा वाडा पावसाळ्याच्या आत उतरवायचा ठरलाय. वाटण्या, भाडेकरू, महापालिकेच्या नोटिसा हे सगळं पार पडलंय, त्यावर कृपया चर्चा नको. प्रश्न लाकडाचा आहे. वाडा दुमजली, मधे चौक. खांब, तुळया, कड्या, तक्तपोशी (फळ्यांचं छत), जिना, सगळा साग. माडीच्या दोन खिडक्या शिसवी आहेत असं आत्या म्हणते. पाडकामवाल्याने अंगावर काम मागितलंय: पाडतो, मलबा उचलतो, वर तुम्हालाच पैसे देतो, लाकूड माझं. चुलतभाऊ एका पायावर तयार.

मी मखमलाबादच्या बाजूला छोटं घर बांधतोय. माझी आर्किटेक्ट म्हणते लाकूड सोडू नका. सुतार म्हणतो, साहेब, त्यापेक्षा नवीन प्लाय आणा, आमचे हात का मोडता. कोणाचं ऐकू? काय ठेवावं, काय द्यावं? आणि 'पर्यावरणपूरक' म्हणतात त्यात तथ्य किती आणि हौस किती?

उगाच_एक
रुमाल टाकून ठेवतो. सवडीने टंकतो.

खुसखुस
पाडकामवाला वर पैसे देतोय म्हणजे लाकडाची किंमत त्याला कळलेली आहे. आता फक्त तुम्हाला कळायची बाकी आहे. (हलके घ्या.)

रंधा
घरचा धंदा सुतारकीचा, त्यामुळे आधी सुताराच्या बाजूने बोलतो. तुमचा मिस्त्री खोटं सांगत नाहीये. प्लायचं कपाट जेवढ्या वेळात उभं राहतं तेवढा वेळ जुन्या लाकडाचे नुसते खिळे उपटण्यात जातो. आणि तुम्ही त्याला भाव देणार चौरस फुटाचा. त्या भावात जुनं लाकूड करायला सांगितलं तर कोणीही हात वर करेल. हजेरीवर ठेवा, मग बघा सूर कसा बदलतो.

दुसरं, वखार. जुनी तुळई चिरायला नेली की पहिला प्रश्न येतो, खिळे काढलेत का? पात्याखाली खिळा आला तर दात जातात, त्याचे पैसे तुमच्याकडून वसूल. मॉलच्या दारावर अंगावरून फिरवतात तसला हातातला मेटल डिटेक्टर ऑनलाइन मिळतो, तो घ्या. तुळईच्या चारही अंगांवरून सावकाश फिरवायचा, आवाज आला की खडूची खूण. जुने खिळे लोहाराने घडवलेले, चौकोनी. बऱ्याचदा डोकं तुटून दांडी आत राहिलेली असते. पण लोखंडाभोवती लाकडाला काळा डाग धरतो, नजर बसली की तो डाग आधी दिसायला लागतो.

तिसरं, मोजमाप स्वतः करा. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. १२ फुटी, ८ बाय ८ ची तुळई म्हणजे ५.३३ घनफूट. अशा किती आहेत ते मोजा आणि मग त्याच्या 'ढिगाच्या' भावाकडे बघा. लांब तुळईचा घनफुटाचा दर तुकड्यांच्या दरापेक्षा बराच वर असतो, हेही तो तुम्हाला सांगणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: वाडा उतरवतात कसा यावर निम्मं लाकूड वाचतं. जेसीबी लावला तर खांब कानशिलात फुटतात, तक्तपोशीच्या फळ्यांची काडेपेटी होते. जुने सांधे खोबणीचे आणि खुंट्यांचे आहेत. वरून खाली, जोडलं त्याच्या उलट क्रमाने, माणसांनी सोडवायचे.

मृण्मयी_आर्क
रंधा यांना अनुमोदन. आता माझी बाजू.

गिऱ्हाईक बहुतेक वेळा घराचा नकाशा पक्का करून येतं आणि मग विचारतं, ताई, जुनं लाकूड आहे, कुठे बसेल? मग दहा फुटी तुळई चिरून टीव्हीखालचं कपाट होतं. उलटं करा. आधी लाकूड मोजा आणि खोलीची रुंदी तुळईला विचारून ठरवा. वाड्यात 'खण', म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, हे माप होतंच की, दोन खणी, तीन खणी. लांब लाकडाची किंमत त्याच्या लांबीत आहे, ते शक्यतो लांबच राहू द्या. तुळई तुळईच्याच जागी, खांब खांबाच्या जागी. फळ्यांची दारं, शटर, पलंग. फर्निचरचा नंबर शेवटचा.

तुळईची टोकं नीट बघा. जे टोक मातीच्या भिंतीत गाडलेलं होतं ते वरून ठणठणीत दिसतं, पटाशी टोचली की लोण्यात गेल्यासारखी आत जाते आणि तपकिरी चुरा निघतो. दोन्हीकडून फूट-फूट कापावं लागेल असं धरून चाला. म्हणजे १२ फुटी कागदावर, १० फुटी हातात. नकाशा १० चा करा.

भार घेणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्येक नग दाखवा. लाकडाच्या बांधकामासाठी आयएस ८८३ हे भारतीय मानक आहे, त्यावरून तो छेद तपासेल. जुन्या खोबणी कुठे येतात तेही बघायचं. तुळईच्या मध्यावर आणि खालच्या अंगाला मोठी खाच असेल तर ती शोभेला ठेवा, स्लॅब डोक्यावर देऊ नका. खालच्या अंगाला ताण येतो, लाकूड तिथूनच फाटतं.

प्रेरणा हवी असेल तर नवी मुंबईत बेलापूरला 'कोलाज हाऊस' आहे, एस प्लस पीएस आर्किटेक्ट्स यांनी केलेलं. मुंबईतल्या पाडलेल्या घरांच्या दारं-खिडक्या जोडून घराची दर्शनी बाजूच उभी केली आहे. तसं हुबेहूब करू नका, प्रत्येकाला कोलाज झेपत नाही. पण नगाला नग कसा बसवलाय ते बघण्यासारखं आहे.

निळूकाका
सगळ्यांचं वाचलं. मला एक कळत नाही. वाडा पाडायचा, त्याचे खांब बंगल्याच्या दिवाणखान्यात उभे करायचे आणि त्याला पर्यावरणपूरक म्हणायचं? सर्वात पर्यावरणपूरक इमारत कोणती, तर जी उभी आहे ती. सराफ बाजारात सरकारवाडा बघून या. पेशवेकाळातलं बांधकाम, लाकूडकाम अजून उभं आहे. २००८, २०१६, २०१९, गोदावरीचे पूर या भागाने काही कमी पाहिलेत का?

आणि दुसरी गोष्ट. जुन्या खांबांना, गणेशपट्ट्यांना मुंबईत भाव यायला लागल्यापासून वाडे पडायचा वेग वाढलाय असं माझं स्पष्ट मत आहे. हॉटेलवाल्यांना 'हेरिटेज लुक' हवा असतो, त्यासाठी खरं हेरिटेज जातं.

भद्रकालीचा_भाऊ
निळूकाका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही वाड्यात राहता का? आम्ही राहतो. वरून माती पडते म्हणून ताटावर झाकण ठेवून जेवतो. पावसाळ्यात मागची भिंत फुगते तेव्हा पेशवेकाळ आठवत नाही. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा? मालक म्हणतो भाडं किती देता, आम्ही म्हणतो छत कुठे आहे. लाकडाला भाव नसता तरी वाडे पडलेच असते. फरक इतकाच की लाकूड बेकरीच्या भट्टीत गेलं असतं.

निळूकाका
भाऊ, राहणाऱ्यांनी जीव धोक्यात घालावा असं मी म्हटलेलं नाही. एक खांब कुजला म्हणून अख्खा वाडा काढतात, त्यावर माझा राग आहे. पाय कुजलेल्या खांबाला खाली नवा तुकडा जोडता येतो. करणारे मिस्त्री अजून आहेत.

तिवंधेकर
काका, तो पर्याय आम्ही पाहिला होता. मागचा अर्धा भाग खचलाय आणि सह्या करायला सोळा वारस आहेत. त्यामुळे इथे लाकडावरच बोलू या.

खुसखुस
सोळा वारस म्हणजे लाकडाची वाटणी घनफुटात करा. प्रत्येकी एक कडी आणि पाव जिना.

वनस्पती
वनशास्त्र शिकलेय म्हणून दोन गैरसमज दूर करते.

'जुना साग घट्ट वाढलेला, म्हणून मजबूत' असं सगळे म्हणतात. सागात तसं सरळ गणित नाही. मोठी छिद्रं वर्षवलयाच्या सुरुवातीला ओळीने असतात, त्यामुळे अगदी सावकाश वाढलेल्या सागात छिद्राळ भागाचं प्रमाण उलट जास्त होऊ शकतं. खरा फरक गाभ्याचा आहे. मोठ्या, वयस्क झाडात गाभा भरपूर आणि त्यात टेक्टोक्विनोनसारखी नैसर्गिक द्रव्यं जास्त, म्हणून वाळवी तोंड लावत नाही. लागवडीतला साग लवकर तोडतात, त्यात बाहेरचं फिकट लाकूड बरंच येतं, आणि त्या फिकट भागाला कोणतंही कवच नाही. तुमच्या तुळयांच्या कडेलाही कुठेकुठे हा फिकट पट्टा असेल. घुणाची बारीक भोकं तिथेच सापडतील. झटकल्यावर ताजी पिवळसर पूड पडली तर घुण जिवंत आहे. तेवढा भाग तासून टाका आणि बाकीच्याला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दोन हात मारा.

तुमच्या भागातल्या वाड्यांना लाकूड बहुधा पेठ, सुरगाणा, डांगच्या जंगलातलं असणार, जवळचं ते. बल्लारशाचा साग नावाजलेला आहे, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथूनच गेला. पण बैलगाडीच्या काळात चंद्रपूरहून नाशकापर्यंत कोण आणत बसेल?

आणि कायदा. सागाच्या वाहतुकीवर वन खात्याचं नियंत्रण असतं, १९२७ च्या भारतीय वन कायद्यापासून. जुनं लाकूड असलं तरी ट्रकमध्ये भरण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. पाडकामाच्या परवानगीची प्रत आणि वाडा जागेवर उभा असतानाचे फोटो जवळ ठेवा. नाक्यावर थांबवल्यावर 'आजोबांच्या काळातलं आहे' एवढं पुरत नाही.

सिडकोवासी
वाडा नाही, आजोबा नाहीत, भाड्याचा फ्लॅट आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं? मी सांगतो. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत यंत्रांचे सुटे भाग येतात ते पाइनच्या पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) आणि खोक्यांतून. भंगारवाल्यांकडे ढीग असतो. माझा पलंग, बुटांचं कपाट, बाल्कनीतला बाक सगळं त्याचंच.

एकच काळजी घ्या. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्याच्या शेजारी 'एचटी' असेल तर लाकूड गरम करून कीड मारलेली आहे, आतला गाभा ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेला आहे. तो घरात नको. आणि रसायनाचे डाग असलेला पॅलेट फुकट मिळाला तरी नको.

रंधा
सिडकोवासी, पाइन मऊ असतं. टेबलाला घेतलं तर पेनाचे चरे उठतात. बाकी उत्तम.

सिडकोवासी
चरे उठतात. मुलाने टेबलावर पाढे कोरलेत. पाठ झाले म्हणून काही बोललो नाही.

पेठरोड
विषय निघालाच आहे तर, रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर बागेत, घरात टेबलाला लावायची फॅशन आली होती. मित्राने एका नर्सरीतून आणले, उन्हाळ्यात अख्ख्या हॉलला डांबराचा वास. काय असतं ते?

वनस्पती
क्रिओसोट. दगडी कोळशाच्या डांबरापासून बनतं, कुजू नये म्हणून लाकडात मुरवतात. कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला जातो. घरात, जेवणाच्या टेबलाला, भाजीच्या वाफ्याला, लहान मुलांच्या बाकाला अजिबात वापरू नये, आणि जाळू तर मुळीच नये. मित्राला सांगा, वास रंगाने झाकला जात नाही.

कडू_कारले
नाशकात राहून वाइनच्या पिंपांचा उल्लेख अजून कोणी केला नाही? ओकची पिंपं, साधारण २२५ लिटरची. काही हंगामांनंतर त्यांचा वाइनला स्वाद लागेनासा होतो, मग वायनरीवाले काढून टाकतात. माझ्या ओळखीत एकाने अर्ध्या पिंपाचं वॉशबेसिनखालचं कपाट केलंय. दिसतं झकास. फक्त पट्ट्या वाकलेल्या असतात, सरळ काही बनत नाही. आणि उन्हात सुकलं की लोखंडी कड्या ढिल्या होऊन पिंप एका रात्रीत बसकण मारतं.

खुसखुस
पिंप बसकण मारतं हे वाइनमुळे की लाकडामुळे?

उगाच_एक
रुमाल उचलतो. तीन मुद्दे राहिलेत.

वाड्याची दारं-खिडक्या बहुतेक हिरव्या नाहीतर निळ्या ऑइलपेंटने रंगवलेली असतात, थरावर थर. जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीचे थर कसे असतील कल्पना करा. कोरडं घासू नका, ब्लो-टॉर्चने जाळून तर काढूच नका. ओलं करून खरवडायचं, मास्क लावायचा, खरवड गोळा करायची, पोरांना लांब ठेवायचं. सुतारालाही मास्क द्या, तो नाही म्हणेल तरी द्या.

दुसरं, जवसाचं तेल. जुन्या सागाला तेलाचा हात फार छान बसतो, पॉलिशची गरजच पडत नाही. पण तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका. हे सुतारांनाही माहीत नसतं.

तिसरं, लाकूड जुनं आहे म्हणून चिरल्याबरोबर लगेच जोडू नका. तुळई इतकी वर्षं एका आकारात शांत होती, चिरल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि फळी पीळ खाते. फळ्यांच्या मधे आडव्या पट्ट्या ठेवून सावलीत रचा, वर वजन द्या, काही आठवडे जाऊ द्या. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका.

रंधा
फडक्याचं शंभर टक्के खरं. आमच्या शेजारच्या कारखान्यात भुशाच्या पोत्याला अशीच आग लागली होती.

मीरा_पंचवटी
निळूकाकांच्या मुद्द्यावर थोडं. जपानात इसेचं देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, शेवटचं २०१३ मध्ये झालं. उतरवलेलं लाकूड टाकत नाहीत, देशभरातल्या दुसऱ्या देवळांना देतात. मुख्य खांबांची तर तिथल्याच पुलाच्या दोन टोकांची तोरणद्वारं होतात. म्हणजे उतरवणं हे दर वेळी पाप नसावं, काका. उतरवताना पुढची जागा ठरलेली असली तर.

निळूकाका
तिथे परत तेच बांधतात, मीराताई. इथे सात मजली पार्किंगवाली इमारत होते. पण उदाहरण आवडलं.

पेठरोड
कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून एवढं रान पेटलं, आणि शहरात पाडलेल्या घरांतलं लाकूड कुठे जातं ते कोणी विचारत नाही. २०१६ पासून बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, ते बहुतेकांना मलब्यापुरतेच माहीत.

वनस्पती
तिवंधेकरांनी विचारलं होतं तथ्य किती. ढोबळ आकडे मांडते. रंधा यांची ती १२ फुटी तुळई सागाच्या घनतेने, म्हणजे घनमीटरला साधारण ६५० किलो धरून, शंभर किलोच्या आसपास भरते. ओलावा वजा केला की कोरड्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन. ती भट्टीत गेली तर सुमारे १६० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत. घरात राहिली तर तो आणखी काही पिढ्या लाकडातच. शिवाय तिच्या जागी लागणारा लोखंडी गर्डर वाचला.

पण तुळई नुसती भिंतीवर शोभेला चिकटवली आणि छताला गर्डर टाकलाच, तर दुसरी बचत शून्य. हौस आणि तथ्य यांतली रेघ मी इथे ओढते.

भद्रकालीचा_भाऊ
हे पटलं. आमच्या वाड्याची वेळ येईल तेव्हा हा धागा मालकाला पाठवतो. भाडेकरूला एखादी फळी मिळते का बघू.

तिवंधेकर
सर्वांचे मनापासून आभार. दरम्यान बऱ्याच घडामोडी झाल्या.

चुलतभावाला घेऊन वाडा मोजला. मृण्मयीताई म्हणाल्या तसं टोकं टोचून पाहिली. चौकाच्या बाजूच्या तुळया सगळ्या चांगल्या निघाल्या, पन्हळीखालच्या मागच्या भिंतीतल्या तीन बाद. एका खांबाला रंधा मारून बघितला. बाहेरून काजळीने काळा, एक पापुद्रा निघाला आणि आत मधासारखा रंग, वर तेलकट वास. आत्या शेजारी उभी होती, ती म्हणाली हा तुझ्या आजीच्या चुलीकडचा. खिडक्या मात्र शिसवी नाहीत, सागालाच काळा रंग दिलाय. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

पाडकामवाल्याशी करार बदलला. जेसीबी फक्त जोत्यासाठी, वरचं सगळं माणसांनी सोडवायचं. चौकातल्या तुळया, आठ खांब, त्यांचे दगडी तळखडे, जिना आणि तक्तपोशी आमची. मागचा भाग, वासे, तुटकी दारं त्याची. त्याने वर द्यायची रक्कम अर्ध्याहून खाली आणली. चुलतभावाचं तोंड उतरलं, पण घनफुटाचा हिशेब दाखवल्यावर त्यालाही दोन खांब हवे झाले.

नव्या घरात पुढची ओसरी आणि वरची खोली जुन्या तुळयांवर. सुतार हजेरीवर यायला तयार झाला. आता सूर असा, की साहेब, असं लाकूड आता मिळत नाही.

मृण्मयी_आर्क
तळखडे घेतलेत हे फार उत्तम. वाड्याचा खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडावर उभा असतो, म्हणून त्याचा पाय कोरडा राहतो. नव्या घरातही तसाच ठेवा. फरशी खांबाला भिडवून सिमेंट भरू देऊ नका. गवंडी भरणारच, तेव्हा त्या दिवशी स्वतः हजर राहा.

रंधा
सोडवताना प्रत्येक नगावर नंबर टाका, खडूने नको, पावसात जातो. पत्र्याची चकती ठोका. आणि 'पूर्व, चौक, माडी' असं कागदावर लिहा, नाहीतर आठ खांब सारखेच दिसतात आणि कानस उलटी बसते.

नवखा_पुणेकर
छान धागा. आमच्याकडे कसब्यातल्या वाड्याचा दिंडी दरवाजा (मोठ्या दारात छोटं दार, ती दिंडी) आहे, साडेसात फुटी, पितळी फुल्यांचा. फ्लॅटला बसत नाही. वर काच टाकून जेवणाचं टेबल करावं म्हणतोय. कसं राहील?

मृण्मयी_आर्क
कृपया नको. फुल्यांमुळे काच टेकत नाही, खाली आमटी सांडते आणि पुढची दहा वर्षं ती तिथेच राहते. शिवाय दिंडी टेबलाच्या मधोमध येईल.

रंधा
करा हो, बिनधास्त. खाली चौकट द्या, काचेखाली रबरी बूच लावा. मी केलीत अशी. वजन मात्र चार माणसांचं आहे, लिफ्टमध्ये मावतो का आधी बघा.

खुसखुस
दिंडी टेबलाच्या मधोमध आली तर मीठ तिथूनच द्यायचं.

निळूकाका
दरवाज्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तुळया चालू आहेत. आणि काढलात तर मला कळवा, मला बोलायचंय.